दुर्बिणीच्या दोन काचा

घड्याळजींनी दुर्बीण खिडकीच्या उजेडात धरली, मऊ फडक्याने पुसली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली.

"या वर्षी आपल्या घरून ही," ते म्हणाले.

शिवणयंत्र थांबलं. त्यांची मुलगी पाळकांचा काळा झगा शिवत होती. सुई कापडात तशीच रुतून राहिली.

"बाबा, ती खारूची आहे."

"म्हणून तर. नको ते देणं म्हणजे माळा आवरणं. आपण मालक नाही गं, कारभारी. वस्तू आपल्याकडे चार दिवस राहायला येते, मग पुढच्या घरी जाते."

हे तिला पाठ होतं. त्यांच्या लूथरन मंडळीत आभाराच्या रविवारी प्रत्येक घरातून एक आवडती वस्तू वेदीपुढच्या टेबलावर ठेवायची आणि ती ज्याच्याकडे नाही त्याच्या घरी जायची, अशी रीत होती. रीत चांगलीच होती, नावं ठेवायला जागा नव्हती. फक्त घड्याळजींच्या घरून जाणारी वस्तू घड्याळजींची कधीच नसे. तिच्या आईची लोकरी शाल गेली. आईने हौसेने लावलेलं लिंबाचं झाड कुंडीसकट गेलं. एका वर्षी तिचं स्वतःचं व्हायोलिन गेलं. टाळ्या बाबांना मिळाल्या, व्हायोलिन तेव्हाच्या पाळकांच्या मुलीला मिळालं आणि हिला मिळाली शिकवण. पुढे कितीतरी रविवार ती पहिल्या बाकावर बसून आपलं व्हायोलिन दुसरीच्या हातात ऐकत राहिली. ती मुलगी बेसूर वाजवायची, तेच जास्त झोंबायचं. घड्याळजींच्या वडिलांचं चांदीचं घड्याळ मात्र इतकी वर्षं त्यांच्या खिशात सुखाने टिकटिकत होतं. त्याला कुठे पुढच्या घरी जायची घाई नव्हती.

"यंदा नाही," ती म्हणाली. "तिच्या बापाने जहाजावरून आणलीय ती. रोज गच्चीवर जाऊन बंदर बघते पोर."

"मग तिलाच विचार."

खारू दारातच उभी होती. खिशात काय काय साठवून ठेवायची म्हणून तिला सगळे खारू म्हणत. तिने आजोबांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग दुर्बिणीकडे.

"देते मी," असं म्हणून ती छान हसली.

पदर खोचून भांडायला उभं राहावं आणि समोर कुणीच नसावं, तसं तिच्या आईचं झालं.

"बघ," घड्याळजी म्हणाले. "रक्तातच लागतं हे."

"पण आजोबा, आधी मी ती साफ करते. तुमचे बारीक स्क्रू-ड्रायव्हर द्याल?"

म्हातारा विरघळलाच. घड्याळ उघडायला त्यांनीच तिला शिकवलं होतं. त्यांनी हत्यारांची पेटी तिच्या हातात दिली आणि खारू पेटी नि दुर्बीण घेऊन गच्चीवर गेली.

रविवारी दुर्बीण घंटा वाजवणाऱ्याच्या मुलाला मिळाली. खारूने स्वतः ती त्याच्या गळ्यात अडकवली. पोराने तिथल्या तिथेच ती डोळ्यांना लावली आणि वरच्या रंगीत खिडकीकडे रोखली. मधलं चाक या बाजूला फिरवलं, त्या बाजूला फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिला.

"दिसतंय ना नीट?" घड्याळजींनी कौतुकाने विचारलं.

मुलाने बापाकडे पाहिलं. बापाने डोळ्यांनीच काहीतरी दटावलं.

"हो. छान दिसतंय."

टाळ्या झाल्या. खारूच्या आईनेही वाजवल्या. त्या पोराच्या अंगावरचा सदरा तिनेच दोनदा उसवून मोठा करून दिला होता. पहिल्यांदाच तिला वाटलं, आपलंच मन छोटं असेल. बाबांचं बरोबर असेल. त्या बेसूर मुलीलाही व्हायोलिनचा आनंद झालाच असेल की. घरी येताना तिने खारूचा हात घट्ट धरला होता, आणि किती वर्षांनी तिला बापाचा राग आला नव्हता.

झग्याला बटणं लावायला तिने बटणांचा डबा उघडला, तेव्हा तळाशी फडक्याची पुरचुंडी लागली. आत दोन गोल काचा होत्या. घड्याळाच्या असतील म्हणून तिने एक सहज झग्यावर धरली. कापडाचा धागा न् धागा दोरखंडाएवढा होऊन वर आला. ती खुर्चीवर बसली.

खिडकीबाहेर, रस्त्याकडेच्या कठड्यावर घंटावाल्याचा मुलगा दुर्बीण लावून उभा होता. खाली पोरांचा घोळका होता.

"निळं जहाज आलंय! वर एक माणूस चहा पितोय. त्याला मिशा आहेत!"

"मला बघू दे! ए, मला दे ना!"

"नाही. मोडेल," असं म्हणून त्याने ती छातीशी धरली.

खारू आईच्या मागे येऊन उभी राहिली होती.

"आई, तो खोटं बोलतोय," ती तक्रारीच्या सुरात म्हणाली.

"खारू, हे का केलंस?"

"आजोबा म्हणाले दुर्बीण द्यायची. दिली ना." मग तिने खरंच नवल वाटून विचारलं, "तू व्हायोलिनच्या तारा का नाही काढून ठेवल्यास?"

आईला हसू आलं. पुढच्याच क्षणी त्या हसण्याची भीती वाटली. कठड्यावरचं पोर अजून मिशा दाखवत होतं. तिने काचा पुन्हा फडक्यात बांधल्या आणि पायात चपला सरकवल्या.

"माझ्या आहेत त्या," खारू म्हणाली.

"हो. तुझ्याच आहेत."

खारूने तिच्याकडे पाहिलं. ही नजर आईच्या ओळखीची होती. एके काळी पहिल्या बाकावरून तिने हीच नजर बापावर रोखली होती. बाप टाळ्या घेण्यात गुंतला होता, त्याला दिसली नव्हती. हिला दिसली. तरी तिने पुरचुंडी मुठीत धरली आणि दाराकडे वळली.

"कुठे निघालीस?" घड्याळजींनी आरामखुर्चीतून विचारलं.

"द्यायला."

"अरे वा! काय देतेस?"

"आवडतं काहीतरी, बाबा," ती उंबऱ्यावरून म्हणाली. "आपल्या घरच्या रीतीप्रमाणे. दुसऱ्याचं."

घड्याळजींचा हात खिशातल्या घड्याळावर गेला आणि तिथेच थांबला.

खारू त्या हाताकडे बघत होती.