बाजारातून परत आलेली कालवड

माझा धाकटा भाऊ तेत्सुजी गवताच्या उतारावरून घसरला आणि कंबर मोडून बसला. तेव्हापासून गोठा त्याची बायको सुमिए सांभाळते. ती शहरातली, लग्नाआधी गाय तिनं लांबूनच पाहिलेली. तरी फुकुयो गाईची कालवड, हारुमी, तिनंच वाढवली. ती विकायच्या वयाची झाली तेव्हा तेत्सुजीनं ओसरीवरून फर्मान काढलं.

"मिळेल त्या भावाला दे. पुढच्या बाजाराला फुकुयो. मग गोठा बंद. मी असा पडलेला, आणि तू एकटी किती मरशील?"

गोठा बंद करणं सुमिएला मुळीच नको होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

माझ्या ट्रकमधून आम्ही दोघं निघालो. मागे माझा गोऱ्हा, खुराक चारून तुकतुकीत केलेला, आणि शेजारी तिची हारुमी. पोट रुंद, पण पाठीवर मांस बेताचंच.

"उपाशी ठेवलीस काय गं हिला?"

"गवतावर ठेवली, भाऊजी. आधी पोट तयार व्हायला हवं. घेणारा पुढे दीड-दोन वर्षं चारणार, त्याला खाणारं जनावर नको का?"

"वा! आता मीच येतो तुझ्याकडे शिकायला."

बाजारात एका खरेदीदारानं माझ्या गोऱ्ह्याच्या शेपटीच्या मुळाशी बोटं दाबली. "काका, ही चरबी आधी मला उतरवावी लागणार," म्हणाला. भाव पडला. मी दात-ओठ खात गोऱ्हा देऊन टाकला. सुमिएनं माझ्याकडे बघायचं टाळलं, तेवढे उपकार.

आमच्या बेटावर ज्यानं वाढवलं त्यानंच जनावर लिलावाच्या रिंगणात फिरवायचं. भाव पटला नाही तर मान हलवून परत न्यायचं, हा मालकाचा हक्क. पण तो हक्क सहसा कुणी वापरत नाही. परत नेलेल्या जनावराबद्दल आठवडाभर चौकशा होतात, त्याही हसत हसत.

हारुमीचा आकडा खालीच अडकला. बोली पुकारणाऱ्यानं सुमिएकडे पाहिलं. मी कठड्यावरून हातानं खुणावलं, दे, देऊन टाक! ती भावाच्या फलकाकडे बघतच नव्हती. ती बघत होती खरेदीदारांच्या बाकांकडे. समुद्र खवळलेला, बाहेरच्या खरेदीदारांना आणणारी कागोशिमाची बोट धक्क्याला लागलेली नव्हती, आणि निम्मी बाकं रिकामी होती. तिनं मान हलवली. मोरकी धरून ती हारुमीला बाहेर घेऊन गेली.

"अगं, तेत्सुजीला काय सांगशील?" परतताना मी ओरडलो.

"घेणारेच नव्हते, भाऊजी. त्यात हिचा काय दोष?"

तेत्सुजी ओसरीवर चहासोबत काळ्या गुळाचा खडा चघळत होता. ट्रकमध्ये हारुमी दिसली आणि त्याचं तोंड थांबलं. तो चिडणार म्हणून मी मध्ये पडायच्या तयारीत होतो.

"बोट आली नाही?" त्यानं विचारलं.

"नाही," सुमिए म्हणाली.

"खाली उतरव. चालव बघू."

तिनं हारुमीला अंगणात फिरवलं. तेत्सुजी काठी टेकत उठला, दुखण्यापासून पहिल्यांदाच अंगणात उतरला, आणि त्यानं कालवडीच्या बरगडीवरून हात फिरवला, मग पोटावरून.

"पोट चांगलं केलंस," तो म्हणाला. "हिला विकायची नाही. हिला ठेवू, हिचीच वासरं घेऊ."

सुमिएचा चेहरा असा उजळला की मी माझा गोऱ्हाही विसरलो.

"पण दोघींना पोसणं तुला एकटीला झेपायचं नाही," तेत्सुजी हळू आवाजात म्हणाला. "फुकुयोचं आता वय झालं. पुढच्या बाजाराला ती जाईल. तूच ने तिला."

गोठ्यात फुकुयो लेकीच्या वासानं हंबरायला लागली. सुमिएनं मोरकी माझ्या हातात दिली, आत गेली आणि म्हातारीच्या मानेला मिठी मारून ढसाढसा रडली. गोठा तर राहिला होता. पण तो राखायचा म्हणजे काय, हे तिला आत्ता कळलं होतं. मी अंगणात उभा होतो आणि माझ्याही डोळ्यांना धार लागली होती.

"भाऊजी," थोड्या वेळानं ती आतून म्हणाली, "फुकुयोला न्यायचं त्या दिवशी तरी बोट येईल ना हो?"