लु वस्तादांचा सातवा डाव

मी भाला बोलतोय. दचकू नका, माझं पातं अजून स्वच्छ आहे. पुढचं काही सांगता येत नाही, म्हणून म्हटलं आत्ताच बोलून घ्यावं.

मी जन्मानंच सरळ. माझ्या जातीची झाडं इतकी दाटीवाटीनं वाढतात, की वाकडं व्हायला जागाच नसते. ऐन थंडीत मला तोडलं, साल काढली, तेल पाजलं आणि लोहारानं टोकाला पातं बसवलं. पात्याखाली घोड्याचे लाल रंगवलेले केस बांधलेत. जत्रेतल्या बायकांना ते शोभेचे वाटतात. खरं म्हणजे रक्त ओघळून काठीवर येऊ नये आणि धरणाऱ्याचा हात घसरू नये, म्हणून ते असतात.

लु वस्तादांनी मला विकत घेतलं तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या होत्या. त्यांचे वडील व्यापाऱ्यांच्या गाड्यांबरोबर राखणीला जायचे. मग आगगाडी आली, बंदुका आल्या आणि ते काम संपलं. वस्तादांनी गावाबाहेर, बोरांच्या बागेला लागून तालीम काढली. पहिली तीन वर्षं शागिर्दानं एवढंच करायचं: बाहेर फिरव, आत दाब, पुढे घाल. रोज पाचशे वेळा. कुणी कंटाळून विचारलं, "वस्ताद, पुढचं कधी?" की ते म्हणत, "मागचं झालं का?"

"भाला धरायचा नसतो रे, ऐकायचा असतो," हे त्यांचं नेहमीचं बोलणं. दोन भाले एकमेकांना टेकले की समोरच्याच्या मनातलं लाकडातून इकडे येतं. राग येतो, भीती येते, कपटही येतं. बाकीच्यांना ही वस्तादांची फुशारकी वाटायची. मी तीस वर्षं ऐकतोय, मला ते पटलेलं आहे.

वस्तादांचे डाव सात. सहा ते सगळ्यांना शिकवत. सातवा कुणालाच नाही. त्यांच्या आजोबांना त्यांच्याच लाडक्या शागिर्दानं याच डावानं मारलं होतं, तेव्हापासून घराण्यात शपथ चालत आली: सातवा डाव फक्त मुलाला द्यायचा. मुलगी सासरी जाणार आणि डाव परक्या घरी नेणार, म्हणून तिला नाही. शागिर्दांसाठीही नियम होता. सातवा डाव मागायचा नाही. वस्ताद एकटे तालीम करत असतील तर तिकडे बघायचंसुद्धा नाही, बघणं म्हणजे चोरी.

वस्तादांना मुलगा झालाच नाही. हुइझन झाली. आई लवकर गेली, आणि पोर माझ्याच उंचीकडे बघत मोठी झाली. सहाही डाव तिच्या अंगात असे मुरलेत, की ती मला उचलते तेव्हा मला जड वाटत नाही.

ती बारा वर्षांची असताना फान तशुन हा वस्तादांचा सर्वांत तयार शागिर्द होता. नऊ वर्षं झाली होती त्याला. एका सकाळी तो हात जोडून म्हणाला, "वस्ताद, आता सातवा द्या." वस्तादांनी चहाचा पेला पालथा घातला आणि दाराकडे बोट दाखवलं. हुइझन किटली घेऊन तिथंच उभी होती. त्या दिवशी तिनं मनाशी जी खूणगाठ बांधली ती आजवर सुटलेली नाही.

फान थ्येनचिन शहरात गेला आणि तिथं त्याचं नाव झालं. यंदा वसंतात तो आव्हानाचं लाल पाकीट घेऊन परत आला. रिवाजाप्रमाणे वस्तादांसमोर तीनदा माथा टेकला.

"देवीच्या जत्रेत दोन्ही तालमींचे हात बघू," तो म्हणाला. "तुमचं वय झालंय वस्ताद, मुलगी उतरली तरी माझी हरकत नाही. हरेल त्याच्या तालमीची पाटी खाली."

"पात्यांना कापड बांधायचं ना?"

"कापडानं कुठं पाटी उतरते, वस्ताद?"

हुइझन पुढे आली. "मी उतरते, फानदादा." जिवाचं काही झालं तर कुणाला दोष नाही, अशा कागदावर तिनं अंगठा उठवला.

जाण्यापूर्वी शिष्टाचार म्हणून फाननं आपला भाला मला टेकवला आणि एकदाच, हळू, वस्तादांच्या पुढच्या हाताखालून आत सरकवला. तिथंच थांबला, हसला, मागे घेतला. मला ऐकू आलं. इतकी वर्षं या माणसानं एकच गोष्ट घोटली होती: सहाव्या डावाला मारणारी गोष्ट. तिला उत्तर एकच, आपला सातवा. वस्तादांच्या तळव्याला घाम फुटला. हुइझन खाली वाकून पेले गोळा करत होती.

शेजारच्या कुआन काकू तोफू विकतात आणि कुणालाही घाबरत नाहीत. भिंतीपलीकडून त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"अहो, पोरीला काय द्यायचंय ते देऊन टाका की! उद्या तिचं काही झालं तर डाव काय मढ्यावर ठेवणार?"

"पूर्वजांपुढे शब्द दिलाय काकू. तोंडानं सांगणार नाही, हात धरून शिकवणार नाही."

"मग बसा शब्द चघळत," म्हणत काकूंनी टोपली उचलली.

त्या संध्याकाळी मला तेल लावता लावता वस्ताद पुटपुटले, "पण कुणी बघितलं, तर मी थोडाच डोळे बांधायला जाणार आहे?" आणि कितीतरी वर्षांनी ते गालात हसले. मलाही बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते मला घेऊन नेहमीसारखे भिंतीमागे गेले नाहीत. थेट हुइझनच्या खिडकीसमोर उभे राहिले आणि सातवा डाव केला. ती जागी होती. सुरुवात पाहताच हा सहांतला नाही हे तिनं ओळखलं आणि तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवसापासून ती खिडकी लावून घेऊ लागली. वस्ताद खोकले, खाकरले. जेवताना राळ्याच्या पेजेवर फुंकर घालत म्हणाले, "खिडकी उघडी ठेवत जा. हवा चांगली असते सकाळची."

"हो बाबा," ती म्हणाली, आणि खिडकीवर आतून गोधडी टांगली.

शेवटच्या पहाटे त्यांनी तो दहा वेळा केला, अगदी सावकाश, तान्ह्या मुलाला चालायला शिकवावं तसा. दहाव्या वेळी गुडघ्यानं दगा दिला आणि ते मातीत बसले. आतून आवाज आला, "झालं का बाबा? येऊ का मी बाहेर?"

मला त्या क्षणी दोघांचाही राग आला. एकानं नुसतं बोलायचं होतं, दुसरीनं नुसतं बघायचं होतं.

आता आम्ही देवळासमोरच्या मैदानात आहोत. फान समोर उभा आहे, शांत, ओठ मिटलेले. लोक भाजलेली बोरं खात वाट बघतायत. मला मुलीच्या हाती देताना वस्तादांनी शेवटी विचारलंच, अगदी हळू आवाजात.

"हुइझन, या सगळ्या सकाळी... तू एकदा तरी बघितलंस ना?"

"एकदाही नाही, बाबा!" तिचे डोळे चमकत होते. "मला ठाऊक होतं तुम्ही परीक्षा घेताय. मी काही फानदादा नाही."

वस्तादांचे ओठ हलले. भोवती शंभर माणसं होती, फान ऐकत होता, आणि कागदावर अंगठा उठलेला होता. पोर शाबासकीची वाट बघत होती.

"शाबास," ते म्हणाले.

ऐकणाऱ्यांनो, तुमच्या घरी असं काही ठेवलेलं असेल, तर आज संध्याकाळी तोंड उघडून देऊन टाका. माझ्या वस्तादांसारखं खिडकीसमोर उभं राहू नका.

ती हसत रिंगणात उतरतेय. इतकं खूश मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मी तिच्या हातात आहे आणि मला सातवा डाव येतो. फक्त मला एकट्याला तो करता येत नाही.