बाळकुमचा बिनविरोध अध्यक्ष

बाळकुमच्या काळुरामशेठला निवडणूक आवडायची, मतदान मात्र अजिबात आवडायचं नाही. जिल्हा बॉक्सिंग संघटनेचा तो चारदा अध्यक्ष झाला, तो चारही वेळा बिनविरोध. दरवेळी कुणीतरी अतिशहाणा अर्ज भरायचा, मग त्याच्याकडे माणसं जायची, जेवणावळी व्हायच्या आणि मुदत संपायच्या आत अर्ज मागे. यंदा तर बिनविरोध होणं त्याला भागच होतं. राष्ट्रीय महासंघात एक उपाध्यक्षपद रिकामं होणार होतं. वरच्यांनी सांगितलं होतं, आधी तुमचा जिल्हा शांत आहे एवढं दाखवा, मग दिल्लीचं बघू. आणि नेमका यंदाच अर्ज भरला तो त्याच्या सख्ख्या बहिणीने.

शकूने अर्ज भरला करिश्मापायी. शकू ठाण्याजवळच्या दिवा गावात दिलेली. तिथल्या एका इमारतीच्या पार्किंगमध्ये बॅगा टांगून ती पोरींना बॉक्सिंग शिकवायची. टँकर आला की पोरी ग्लोव्हज काढून हंडे भरायला पळायच्या आणि परत येऊन बॅगेवर तुटून पडायच्या. त्यांत करिश्मा वेगळीच होती. गेल्या वर्षी जिल्ह्याच्या चाचणीत तिने कृतिकाला असं झोडपलं, की कृतिकाला आपला कोपरा सापडेना. पण कृतिका काळुरामच्या मेहुण्याची मुलगी. राज्याला नाव गेलं ते तिचंच. जिल्ह्याने नाव धाडल्याशिवाय राज्याच्या चाचणीत उतरता येत नाही, आणि तिथे जिंकल्याशिवाय राष्ट्रीय शिबिराचं दार उघडत नाही. कृतिका पहिल्याच लढतीत हरली आणि नवा ट्रॅकसूट घेऊन घरी आली. करिश्माच्या घरी मात्र स्थळं बघायला सुरुवात झाली. यंदा नाव गेलं नाही तर पोरीचं बॉक्सिंग संपलं, हे शकूला कळून चुकलं होतं.

अर्ज तर भरला, पण सोबतीला कोण? कल्याणच्या क्लबवाल्या कुंडलिकने सूचक म्हणून सही ठोकली आणि त्या दिवसापासून फोन बंद ठेवला.

अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी सकाळीच दारात विमलाबाई उभी. काळुरामची बायको. शकूच्या लेकीच्या बारशालाही ही बाई फिरकली नव्हती. आज तिच्या हातात साडी, नारळ आणि तांदूळ होते.

"ओटी भराची हाय तुझी. पाटावर बस."

"दादानं धाडली ना तुला?"

"मंग, मी काय माझ्या मनानं येन?"

ओटीला नाही म्हणता येत नाही. काळुरामने सगळा हिशेब त्यावरच बांधला होता. भावजयीने भरलेली ओटी पदरात घ्यायची आणि दुपारी भावाच्याच विरुद्ध उभं राहायचं, म्हणजे भावकीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही. शकू दात आवळून पाटावर बसली. विमलाबाईने कोंबड्यांना दाणे टाकावेत तसे तिच्या पदरात तांदूळ टाकले, कुंकू लावलं, आणि चहालाही थांबली नाही.

"तू मना कधीच आवडली नाय, शकू," जिना उतरताना ती म्हणाली. "चल आता, गाडी उभी हाय."

ठाण्यातल्या स्टेडियमच्या वरच्या मजल्यावर संघटनेचं ऑफिस. शकू आत गेली तर भिंतीवर बॅनर आधीच लागलेला, बिनविरोध निवडीबद्दल हार्दिक अभिनंदन. टेबलावर हार, पेढ्यांचे बॉक्स, खाली गेटवर ढोलताशावाले बिड्या फुंकत बसलेले. फोटोसाठी सगळ्या क्लबांच्या प्रमुखांना बोलावलं होतं. एका माणसाच्या नावावर एकच क्लब आणि क्लबमागे एक मत, असा नियम. म्हणून काळुरामने आपल्या घरातल्या बायकांच्या नावांवर क्लब काढले होते. जिल्ह्यातल्या तेरा क्लबांपैकी सात त्याच्या बायकोच्या, भावजयांच्या आणि सुनांच्या नावावर. महिलांना संधी दिली म्हणून दोन वर्षांमागे त्याने एक पुरस्कारही पटकावला होता. त्यांतल्या बाकीच्या सहा जणी पैठण्या नेसून भिंतीलगतच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. विमलाबाई जाऊन त्यांच्यात बसली.

निवडणूक अधिकारी साईनाथ वकील, निवृत्त गृहस्थ, घड्याळाकडे बघत होते. त्यांच्यापुढे माघारीचा अर्ज तयार होता. फक्त सही बाकी.

"ये गो शके," काळुराम गोड आवाजात म्हणाला. "सगल्यांसमोर सांगतो. तुझ्या त्या करिश्माचं नाव यंदा राज्याला जानार. मी स्वतः धाडीन. अजून काय पायजे तुला?"

शकूला खरंच अजून काही नको होतं. अध्यक्ष होऊन तिला काय करायचं होतं? मतदान झालं असतं तरी ती हरणारच होती, ते सात क्लब समोरच बसले होते. एक सही केली की पोर शिबिरापर्यंत पोचण्याची वाट मोकळी. तिने पेन उचललं.

ते पेन तिच्या हातात बघून काळुरामला राहवलं नाही. जिंकलेला माणूस गप्प बसेल तर तो पुढारी कसला!

"बघा वकीलसाहेब," तो मोठ्याने म्हणाला, "आमच्या घरातल्या बायका सहीला कधी नाय बोलत नाय. हिनं बालकुमच्या जमिनीचं हक्कसोड केलं तवा कागद वाचला पन नाय. आनि या आमच्या बघा. सात क्लब हायेत यांच्या नावावर. एकीनं तरी इचारलं का, कसली सही म्हनून? आपन दाखवायचं आनि त्यांनी करायची."

तो हसला. त्याच्या मागची माणसंही हसली.

शकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या जमिनीवर आता टॉवर उभा होता आणि गेटवर काळुरामचं नाव होतं. हक्कसोडीचा तो कागद तिने अक्षर न् अक्षर वाचला होता. काय सोडतोय ते तिला नीट कळलं होतं. माहेर तुटू नये म्हणून तिने सही केली होती, आणि माहेरी मात्र इतकी वर्षं तिला बावळट समजत होते.

तिने पेन खाली ठेवलं.

"मी वाचला होता दादा तो कागद. हा पण वाचला. मी मागं नाय घेत."

काळुरामचं तोंड लालबुंद झालं.

"मंग करिश्माला इसर," तो म्हणाला. "तिलाच नाय, तुझ्या एका पन पोरीचं नाव या जिल्ह्यातून जानार नाय. मी जिता हाय तवर नाय. दिव्याच्या पार्किंगमदी मार बुक्क्या जन्मभर."

शकू खुर्चीत बसली. राग आला तो आपल्याला, आणि भोगणार ती पोर, हे तिला आता स्वच्छ दिसत होतं. संध्याकाळी करिश्माला काय सांगायचं? तुझं नाव जात होतं, मीच घालवलं म्हणून? तिला रडू आलं. ते तिने गिळलं, कारण काळुराम तिच्याकडेच बघत होता.

"बारा वाजले," साईनाथ वकील म्हणाले. "माघारीची मुदत संपली. अध्यक्षपदासाठी दोन उमेदवार आहेत. रविवारी इथेच मतदान होईल."

"होऊ द्या," काळुराम गुरगुरला. "तेरातले सात माझे हायेत. बहिनीला तिची लायकी कलू दे एकदा." मग तो बायकोकडे वळला. "काय गो, बसलीस काय? सांग ना तिला, मतं कोनाची हायेत!"

विमलाबाई उठली. तिने पदर सारखा केला. शकूकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही, नवऱ्याकडेही नाही. ती सरळ वकिलांच्या टेबलापाशी गेली.

"साहेब, मत कोनाला दिलं ते मागनं कलतं का?"

"नाही बाई. मतदान गुप्त असतं. चिठ्ठीवर मत देणाऱ्याचं नाव नसतं."

"नवऱ्याला पन नाय कलत?"

"कुणालाच नाही."

"ए, तुला काय करायच्यात चौकशा?" काळुराम ओरडला. "बस जाऊन!"

विमलाबाई खुर्च्यांच्या रांगेकडे वळली. तिथे तिच्या जावा आणि सुना माना वर करून बसल्या होत्या.

"ऐकलं ना गो सगल्यांनी?" ती म्हणाली.