तळव्याची दिशा

वडिलांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पान नाकाला लागेल इतकं जवळ धरलं. लेक समोर बसून पेन्सिलीला टोक काढत होती. टोक केव्हाच निघालं होतं.

चार वाजता छापखान्याचा माणूस प्रुफं न्यायला येणार होता. वायदेबाजाराचा इतिहास, सहा वर्षांची मेहनत, चारशे पानं. शेतात अजून उभ्या असलेल्या गव्हाचा भाव आजच ठरवून टाकायची रीत कुठून आली, इथपासून ते सौद्यांच्या रिंगणातला दलालांचा आरडाओरडा थांबून संगणक आले तिथपर्यंत सगळं तिने लिहिलं होतं. बाकीची पानं वाचताना वडिलांनी मान डोलावली होती, मधूनच दोन जुन्या दलालांचा उद्धारही केला होता. हे एक पान तिने मुद्दाम शेवटी दिलं.

त्यावर वडिलांचाच फोटो होता. तो काढला त्या दिवशी गव्हाचा भाव कोसळत होता, रिंगणातला जो तो विकत सुटला होता आणि पायरीवर उभे हे एकटे घेत होते. संध्याकाळी गारपिटीची बातमी आली, भाव आभाळाला भिडला. तेव्हापासून बाजार त्यांना ‘निधडा’ म्हणू लागला. फोटो एकतीस वर्षं बाजाराच्या जिन्यात टांगलेला होता. घरात तर ही गोष्ट इतक्यांदा सांगून झाली होती, की आईने ती भांडी विसळता विसळता तोंडपाठ केली होती.

फोटोखाली लेकीने लिहिलं होतं, ‘ही बहुधा चूक असावी.’

“हे कशावरून?” वडिलांनी विचारलं.

तिने फोटोच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे टेलिफोनच्या रांगेत वडिलांचा कारकून एका हाताने रिसीव्हर कानाला लावून, दुसरा हात उंचावून उभा होता.

“त्याचा तळवा बाहेर आहे, बाबा. म्हणजे गिऱ्हाईक सांगतंय, वीक. तुम्ही त्याच्याकडेच बघताय. आणि तुमचा...”

पुढचं तिने हात वर करून दाखवलं, तळवा स्वतःकडे वळवून. घेतो. रिंगणात कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही, म्हणून बोलणं हातांनी चालायचं. घेणाऱ्याचा तळवा आपल्याकडे, विकणाऱ्याचा समोर. ती पाच वर्षांची असताना वडिलांनीच तिला हे शिकवलं होतं.

तिला भीती वाटली. ज्या नावावर हा माणूस इतकी वर्षं ताठ मानेने चालला, तेच ती काढून घेत होती, तेही पुस्तकात छापून.

“तुम्ही म्हणत असाल तर काढते,” ती म्हणाली, आणि म्हणताच तिची तिलाच लाज वाटली.

आई दारात येऊन उभी राहिली होती. “झाकली मूठ सव्वा लाखाची. आता या वयात कशाला उघडायची ती?”

“मूठ झाकून कधी सौदा झालाय का?” वडील म्हणाले, पण हसले नाहीत. “निरोप ‘वीक’ असाच होता. माझा हात उलटा पडला. कळलं तेव्हा सौदा होऊन गेला होता. मग गारा पडल्या, गिऱ्हाइकाने पाठ थोपटली, आणि खरं सांगायला मला तोंडच राहिलं नाही.”

आई जागच्या जागी बसली. तिला पाठ असलेल्या गोष्टीत हे कुठेच नव्हतं.

“एकतीस वर्षं,” वडील लेकीकडे बघत म्हणाले. “त्या जिन्यातून रोज शंभर दलाल चढले-उतरले. मोठमोठी जुनी खोडं. सगळ्यांनी हा फोटो बघितला, वाचला एकानेही नाही.”

त्यांनी पेन्सिल मागितली. गेली ती ओळ, असं तिला वाटलं. त्यांनी ‘बहुधा’वर आडवी रेघ मारली. मग ‘असावी’ खोडून त्यावर ठळक अक्षरांत ‘होती’ लिहिलं.

“इतिहास लिहितेस ना? मग चाचपडतेस कशाला?”

बेल वाजली. ती उठायच्या आत त्यांनी सगळा गठ्ठा नीट जुळवून छातीशी धरला आणि स्वतःच दार उघडलं.

“सांभाळून न्या हो,” ते छापखान्याच्या माणसाला म्हणाले. “माझ्या लेकीचं पुस्तक आहे. मला पकडलंय तिने यात.”