सोफ्याच्या कापडाचा कोट

सगळे तिला टाचणी म्हणत, कारण काम करताना तिच्या ओठांत कायम चार टाचण्या धरलेल्या असत, आणि त्या असतानाही ती बोलायची थांबत नसे. कॉम्प्युटरवरच्या गेममधल्या बाहुल्यांना कपडे करणाऱ्या बाईला टाचण्या कशाला लागतात, हे ऑफिसातला प्रत्येक नवा माणूस एकदा विचारायचा. मग उत्तर संपेपर्यंत त्याचा चहा गार व्हायचा. कापड हातात घेतल्याशिवाय त्याला चुणी कुठे पडते ते कळत नाही, हे तिचं ठाम मत. म्हणून ती प्रत्येक पोशाख आधी वीतभर बाहुलीच्या मापाने खराखुरा शिवायची, त्याचे चारी बाजूंनी फोटो काढायची आणि मगच तो गेममध्ये चढवायची.

गेमचं नाव ‘घरात कोण?’. बारा जणांनी आपापल्या फोनवरून एका घरात शिरायचं, अकरा कापडी बाहुल्यांनी लपायचं आणि बाराव्याने झाडू घेऊन शोधायचं. झाडू लागला की बाद, वेळ संपेपर्यंत वाचला तो जिंकला. लपणाऱ्याच्या डोक्यावर नाव उमटायचं ते बाद झाल्यावरच, झाडूवाल्याचं मात्र सगळ्यांना दिसायचं. खेळायला फुकट. कंपनीचं पोट भरायचं ते कपड्यांवर. टोपी घ्या, झालरीचा झगा घ्या, मिरवा. पण कितीही खर्च केला तरी पाय जोरात पळत नसत आणि झाडू लांब होत नसे. पहिल्याच पानावर टाचणीने हट्टाने लिहून घेतलं होतं: ‘इथे कपडे विकत मिळतात. जिंकणं विकत मिळत नाही.’ मालक पूर्वी गाद्या विकायचे. त्यांना ही ओळ धंद्याच्या मुळावर उठल्यासारखी वाटायची, पण टाचणीपुढे बोलायची त्यांची छाती नव्हती.

ही ओळ मुळात तिच्या मावशीची होती. मावशीने टाचणीला लहानाची मोठी केलं, सुई धरायला शिकवलं, आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर आरामखुर्चीत बसून हा गेम धरला. ‘गुडघेदुखी’ या नावाने तिने भल्याभल्यांच्या नाकी नऊ आणले होते. तिची युक्ती अगदी साधी होती. ती लपायचीच नाही. झाडूवाल्याच्या पाठीमागे दोन पावलांवर गुपचूप चालत राहायची. तो वळला की तीही वळायची. आजवर तिने या गेमवर दमडी खर्च केली नव्हती, आणि व्यायामाच्या वर्गातल्या सात मैत्रिणींना ती हे दर आठवड्याला ऐकवायची.

आणि मग टाचणीने तो कोट शिवला.

ऑफिसातल्या सोफ्याला कव्हर शिवताना थोडं कापड उरलं होतं, मळकट बिस्किटी रंगाचं, बारीक रेघांचं. टाकवेना म्हणून तिने त्याचा ऐटदार लांब कोट केला. कॉलर उत्तम बसली, बाह्या उत्तम बसल्या. तिच्या लक्षात फक्त एवढंच आलं नाही, की गेममधल्या खोल्या करणाऱ्या मुलीला मालकांनी “नमुना म्हणून आपलाच सोफा वापर, फुकट आहे,” असं सांगितलं होतं. गेमच्या दिवाणखान्यात तोच सोफा होता, त्याच कापडाचा, त्याच रेघांचा. कोट घालून त्यावर बसलेला बाहुला डोळ्यांत तेल घालून शोधला तरी सापडत नव्हता.

आठवडाभरात कोटावर उड्या पडल्या. कधीकधी एका सोफ्यावर सहा-सहा जण दाटीवाटीने बसलेले असायचे आणि झाडूवाला समोरून दहा वेळा फिरून रडकुंडीला यायचा.

“लोकांची आवड किती साधी झाली बघा,” मालक खुशीत म्हणाले. “आता सगळं बिस्किटी करा!”

तेवढ्यात मावशीचा फोन आला.

“सलग अकरा वेळा हरले. सोफ्यावरचे दिसत नाहीत, म्हणून झाडूवाला गरागरा वळतो आणि मीच सापडते. सोफाच जिंकतोय. तुमच्या पहिल्या पानावरची ती ओळ पुसून टाक. मी लोकांना अभिमानाने दाखवत होते गं ती.”

“मावशी, अगं, मुद्दाम नाही...”

“आता मला फोन करू नकोस,” असं हळू आवाजात म्हणून तिने फोन ठेवून दिला.

मावशी ओरडली तर दोन तासांत विसरते, पण ती हळू बोलली म्हणजे खरंच दुखावली आहे, हे टाचणीला लहानपणापासून ठाऊक होतं. तिने मालकांना गाठलं आणि कोट मागे घ्यायला सांगितलं.

मालकांनी कानांवर हात ठेवले. “लोकांनी चांगले पैसे मोजलेत. अंगावरचा कोट काढून घेतला तर ऑफिसात येऊन बोंब मारतील. आणि त्यांचं बरोबरच आहे.”

त्यांचं बरोबर होतं, हाच तर वैताग होता. टाचणी ओठांतल्या टाचण्या चावत सोफ्याकडे बघत बसली. सोफा तिच्याकडे बघत होता.

“साहेब,” ती एकदम गोड आवाजात म्हणाली, “सोफा फार मळलाय. नवं कव्हर शिवू?”

“त्यात काय विचारायचं? शिव की!” मालक म्हणाले आणि बिस्किटी मोज्यांच्या विचारात गढून गेले.

तिने बाजारातून कापड आणलं. भडक जांभळं, त्यावर ताटाएवढी पिवळी फुलं. दोन दिवसांत कव्हर शिवून सोफ्यावर चढवलं, फोटो काढले आणि खोल्या करणाऱ्या मुलीच्या मागे लागून गेममधला सोफाही बदलून घेतला. कोट ज्याचा त्याच्याकडे राहिला. ऑफिसातला नवा सोफा बघून मालकांनी दारातच डोळे चोळले आणि ते आत आलेच नाहीत.

सोमवारी दुपारी टाचणी स्वतः खेळायला उतरली. झाडू तिच्याच वाट्याला आला. ती दिवाणखान्यात शिरली आणि तिला हसू आवरेना. जांभळ्या-पिवळ्या सोफ्यावर, उशीच्या मागे, बिस्किटी कोटातला एक बाहुला मान खाली घालून अगदी निर्धास्त बसला होता. तिने मजेत झाडू हाणला. बाहुल्याच्या डोक्यावर नाव उमटलं: गुडघेदुखी.

टाचणीच्या हातून फोन पडता पडता वाचला. सावरेपर्यंत तो वाजायला लागला होता.

“मला झाडू मारलास?” मावशी कडाडली.

“तू कोट घेतलास?”



“भाचीने शिवलेला,” मावशी म्हणाली, “म्हणून घेतला. मिरवायला.”

“उशीच्या मागे मान घालून?”

“मान अवघडली होती माझी.” मग आवाज एकदम उतरला. “तीन दिवस त्या सोफ्यावर बसले गं. नऊ वेळा जिंकले. एकदाही कुणाला फोन करून सांगावंसं वाटलं नाही. सोफा बदललास ते बरं केलंस.”

टाचणीचे डोळे भरून आले. काही बोलायला तिला आधी ओठांतल्या टाचण्या काढाव्या लागल्या.

“पुन्हा खेळू या, मावशी?”

“खेळू की. कोट घालूनच येते. बसलाय फार सुरेख.”

बराच वेळ वाट बघितली तेव्हा कुठे झाडू पुन्हा टाचणीकडे आला. एकेक करून तिने दहा जणांना बाद केलं, जांभळ्या सोफ्यावरचे चार मूर्ख धरून. अकरावा बाहुला काही केल्या सापडेना. तिने कपाटं उघडली, पलंगाखाली वाकून बघितलं, धुण्याची टोपली उपडी केली. वेळ संपली.

फोन वाजला.

“आता मागे वळ, मठ्ठे,” मावशी म्हणाली.

टाचणी वळली. दोन पावलांवर, भर उजेडात, बिस्किटी कोटाची कॉलर ताठ करून मावशी उभी होती.

“थांब, ठेवते,” ती घाईने म्हणाली. “मला सात जणींना फोन करायचेत.”