दात, विश्राम!

माझी दाढ फुटली ती शिरा खाताना. चिक्की नाही, सुपारी नाही, शिरा. डेंटिस्ट वल्लरी माझ्या भाचीच्या वयाची, तिने तोंडात आरसा घालून पाहिलं आणि विचारलं, "काकू, तुम्ही दिवसभर कोणावर चिडलेल्या असता?"

मी म्हटलं, "यादी देऊ का?"

ती हसली नाही. रात्री दातांवर बसवायला नाईट गार्ड देते म्हणाली, पण दिवसा दात आवळायची सवय तुम्हालाच मोडावी लागेल. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. घरात जागोजागी रंगीत ठिपके चिकटवायचे. ठिपका दिसला की बघायचं, दात एकमेकांवर टेकलेत का? टेकले असतील तर सोडायचे. एवढंच.

रंगीत ठिपके आणायला कोण जातंय! कपाटात मरून रंगाच्या टिकल्यांचं अख्खं पाकीट पडलं होतं. बाथरूमच्या आरशावर तशीही एक होतीच. एक फ्रिजवर लावली, एक स्कूटरच्या आरशावर, एक ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, एक जेवणाच्या टेबलावर माझ्या ताटाजवळ आणि एक अण्णांच्या औषधांच्या डब्यावर.

अण्णा म्हणजे माझे सासरे, रंगराव मास्तर. नारायण पेठेतल्या निम्म्या म्हाताऱ्यांना त्यांनी शाळेत कवायत शिकवलीय. आता चौऱ्याऐंशी वय आणि डोक्यातलं सगळं पुसत चाललंय. पहाटे पाचला उठून शिट्टी शोधतात, ग्राउंडवर जायचंय म्हणून दाराची कडी काढतात. मग मी उठायचं, त्यांना परत आणायचं, कपडे ओले असले तर बदलायचे. "आज वार कोणता?" हे दिवसातून पंधरा वेळा. मी कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते, दुपारी एक बाई येते त्यांच्यापाशी, बाकी सगळं माझ्याकडे. तीन वर्षं झाली. मी थकलेय हो, खरंच थकलेय. कोणी "सुनेनं किती केलं" म्हटलं की मला त्या माणसाला चावावंसं वाटतं.

डब्यावरची टिकली बघून अण्णांनी विचारलं, "ही कुणाची?"

मी सांगितलं सगळं. त्यांना काय कळणार, पण बोलायला घरात दुसरं होतं कोण? त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, ताठ बसले आणि मैदानावरच्या आवाजात ओरडले, "दात... विश्राम!"

मला इतकं हसू आलं की जबडा कट्कन वाजला.

दुसऱ्या दिवशी ते माझं नाव विसरले होते. वार, शाळा, सासूबाई गेल्या तेही विसरले होते. पण गोळी द्यायला डबा उचलला, टिकली दिसली, की आलीच ऑर्डर. "दात, विश्राम!" रोज तीनदा, न चुकता.

पंधरा दिवसांनी वल्लरीने विचारलं, "कुठे आवळलेले सापडतात?" मला वाटलं होतं, अण्णांच्या खोलीतच सापडतील. तिथे सापडले नाहीत. पाठ मोडायची तिथे, चिडचिड व्हायची, एकदा तर मी रडलेही, पण दात सुटे. आणि जेवणाच्या टेबलावर, समोर माझा नवरा सलिल मोबाइल बघत जेवत असताना, एकदाही सुटे सापडले नाहीत. एकदाही नाही.

मी ते घरी सांगितलं नाही. दाढेबद्दल तेवढं सांगितलं आणि तिथेच चूक झाली. सलिलने लगेच वाघोलीला आमोदला, म्हणजे त्याच्या धाकट्या भावाला, फोन लावला. "हिचे दात फुटायला लागलेत रे टेन्शनने. आता काहीतरी करायलाच हवं." वर्षभर माझ्या "जरा हातभार लाव"चं काही झालं नव्हतं, दाढेचं आठवड्यात झालं. मांजरी गावाच्या पुढे वृद्धांना ठेवून घेणारं एक सेंटर होतं, तिथे जागा मिळाली. रविवारी सकाळी फॉर्म भरायचा, सोमवारी अण्णांना सोडायचं.

आणि खोटं कशाला बोलू, ऐकून मला बरं वाटलं होतं. दोन दिवस मी पहाटे पाचनंतर झोपायची स्वप्नं बघत होते. अण्णांची बॅगही मीच भरली. त्यांनी विचारलं, "कुणाची बॅग?" मी म्हटलं, "कपाट आवरतेय." त्या खोलीत पहिल्यांदा माझे दात करकरले.

रविवारी आमोद आला, येताना गरम जिलबी घेऊन. जणू साखरपुडाच होता! दोघे भाऊ टेबलाशी बसले, मी चहा ठेवला. सलिल फॉर्म भरत होता. नाव, वय, औषधं. औषधं त्याला माहीत नव्हती, ती मी सांगितली. मग रकाना आला, 'दाखल करण्याचे कारण'.

सलिल लिहिता लिहिता मोठ्याने वाचायला लागला, "सुनेची प्रकृती ठीक नसल्याने..."

"तेच बरं पडतं," आमोद म्हणाला. "लोक विचारतात ना, वहिनी. तब्येतीचं कारण म्हटलं की कोणी काही बोलत नाही."

ताटाजवळची टिकली माझ्या समोर होती. मला दिसत होती. दात इतके घट्ट बसले होते की कानापर्यंत कळ गेली, तरी मी सोडले नाहीत. सोडले तर काय बाहेर येईल याची मला भीती वाटत होती.

अण्णा खोलीतून चालत आले. हातात औषधाचा रिकामा डबा. माझ्यापाशी थांबले, वाकून माझा चेहरा पाहिला आणि घर हलेल अशा आवाजात म्हणाले, "दात! विश्राम!"

मी तोंड उघडलं.

"खोड ते," मी म्हटलं. "माझं नाव तिथे नाही लागणार. सोडायचं असेल तर सोडू, मी स्वतः गाडीत बसून येते. पण कारण खरं लिही. दोन मुलांना वेळ नाही. लिही की, अक्षर चांगलंय तुझं."

"श्यामला, अगं तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी काही करायचं होतं तर पाच वाजता उठायचं होतंस. तीन वर्षांत एकदा! मी अण्णांमुळे नाही रे दमले. शेजारी घोरत पडलेल्या माणसाला बघून दमले."

आमोदने जिलबीचा पुडा मुकाट्याने बंद केला. सलिलचं पेन तिथेच थांबलेलं.

"कोण चाललंय?" अण्णांनी विचारलं.

मीच म्हटलं, "तुम्ही, अण्णा. उद्या. मांजरीच्या पुढे."

त्यांनी जरा विचार केला. "ग्राउंड आहे का तिथे?"

मला हुंदका आला. सलिल फॉर्मकडे बघत बसला होता, जबडा घट्ट, कानाखालचं हाड वरखाली होत होतं. अण्णा माझ्यापासून सरकले, त्याच्याजवळ गेले. नाव आठवेना त्यांना. हाताने त्याची हनुवटी धरून वर केली आणि या खेपेला अगदी हळू म्हणाले, "दात, बाळ. विश्राम."

सलिलने पेन ठेवलं.

"शिट्टी कुठे ठेवतेस त्यांची?" त्याने विचारलं. "पाचला लागेल ना."