न वाजणारा पाना

तिसरा बोल्ट तुटला तेव्हा तपासनीसांनी हत्यारांच्या दुकानदाराला मनातल्या मनात चोर ठरवून टाकलं.

पहिले दोन बोल्ट स्वतःच्या हातून तुटले होते, हे त्यांना मान्य होतं. मुलीच्या सायकलचं हँडल बारीक बोल्टांनी पकडलेलं होतं. ते सैल राहिले की हँडल फिरतं आणि जास्त आवळले की तुटतात. नेमका किती जोर लावायचा तो आकडा, पाच, पकडीवर छापलेला असतो, पण हाताला आकडा कुठला कळायला. मुलगी रोज त्याच सायकलवरून मोठा उतार उतरून कामाला जायची. दुसऱ्या खेपेला भर उतारावर हँडल हातात फिरलं आणि ती पडता पडता वाचली. घरी येऊन तिने आवाज न चढवता सांगितलं, "बाबा, एक तर जोर मोजणारा टॉर्क पाना आणा, नाहीतर यापुढे सायकल मी दुकानात टाकते."

दुकानात! तिची पहिली तीनचाकी तपासनीसांनी जोडली होती आणि तेव्हापासून तिच्या एकाही सायकलला परक्याचा हात लागला नव्हता. निवृत्तीनंतर घरात त्यांना विचारून होणारं एवढं एकच काम उरलं होतं. तेही जाणार म्हटल्यावर त्यांनी पाना आणायचं कबूल केलं.

माणूस मुळातच संशयी. उभा जन्म गोदामाच्या फाटकावर, घरघरणाऱ्या ट्रकांच्या गर्दीत, बाहेर जाणारी खोकी उघडून बघण्यात गेलेला. बायको म्हणायची, "यांच्यापुढे देव उभा राहिला तरी आधी ओळखपत्र मागतील." अलीकडे मात्र या संशयाला घरातही खाद्य मिळायला लागलं होतं. मायलेकी कुजबुजायच्या. तपासनीस खोलीत आले की गप्प व्हायच्या, किंवा गप्प झाल्यासारखं त्यांना वाटायचं. कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं नक्की.

पाना घ्यायला गेले तेव्हाही तसंच. दुकानदार खाली मान घालून पुटपुटणारा, नजरेला नजर न देणारा. अशी माणसं त्यांनी फाटकावर खूप पाहिली होती.

"घरी सायकलला लावायचाय. स्वस्तातला दाखवा," तपासनीस म्हणाले.

दुकानदाराने फळीकडे तोंड करून काहीतरी सांगितलं आणि एक उघडाबोडका पाना पुढे केला. नुसती दांडी, तिच्यावर एक काटा आणि आकड्यांची पट्टी. ना डबी, ना वेष्टन. न खपलेला माल आपल्या गळ्यात मारतोय, हे तपासनीसांनी लगेच ताडलं. दुकानदार आणखी बरंच बोलला. तपासनीस शहाण्या गिऱ्हाइकासारखी मान हलवत राहिले आणि शेवटी डबीतला, चकचकीत पाना बोट दाखवून मागून घेतला. त्यावर पाच आकडा लावायचा, आवळायला लागायचं, आणि 'टक्' वाजलं की थांबायचं. घासाघीस करूनही तो महागच पडला.

घरी येऊन त्यांनी पाच लावला आणि आवळायला घेतलं. टक् नाही. आणखी आवळलं. टक् नाही. मुलगी सायकल धरून उभी होती. ती काहीतरी म्हणेपर्यंत बोल्टाचं डोकं तुटून फरशीवर पडलं. तिने आईकडे पाहिलं, आईने तिच्याकडे. झाली कुजबूज सुरू.

तपासनीस तडक दुकानात. "हा पाना वाजत नाही."

दुकानदाराने पाना घेतला, एका बोल्टावर दाबला आणि भुवया उंचावल्या. "वाजला की!"

तपासनीसांना काहीच ऐकू आलं नव्हतं. पण शेजारी उभ्या असलेल्या प्लंबरने मान डोलावली, आणि खिळे घ्यायला आलेल्या बाईंनीही. सगळे एकाच माळेचे मणी, असं तपासनीसांच्या मनात आलं. तोंडाने मात्र ते म्हणाले, "हो, हो, वाजला." असं का म्हणालो, याचा त्यांना वाटभर राग येत राहिला.

आता ते इरेला पेटले. दुकानदाराची लबाडी पुराव्यानिशी सिद्ध करायची. त्यांनी बाल्कनीत वाइसच्या लोखंडी जबड्यात एक जुना बोल्ट आडवा पकडला, त्यावर पाना बसवला आणि वीतभर अंतरावर मुठीला पत्र्याचा डबा टांगला. मग मापाने पाणी ओतायला लागले. पाचाच्या जोराला अडीच लिटरच्या आसपास पाणी लागतं, हा हिशोब त्यांनी आधीच करून ठेवला होता. पाणी तिथवर आलं आणि डबा एकदम किंचित खाली बसला.

अगदी नेमका. हिशोबाबरहुकूम.

त्यांनी डबा उचलून पुन्हा सोडला. पुन्हा बसला. पाना आपलं काम चोख करत होता, फक्त मुक्यानं. त्यांनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं.

मुलगी दारात येऊन उभी राहिली. "बाबा, पुरे ना आता. आतल्या खोलीपर्यंत टकटक येतेय."

तपासनीसांचा हात डब्यावरच राहिला. "तुला ऐकू येतंय?"

"म्हणजे काय!"

त्यांनी डबा उचलून हळूच सोडला. "आत्ता वाजलं?"

"हो."

"आणि आत्ता?"

"हो बाबा," ती म्हणाली. तपासनीस घाबरले होते. फाटकावर कधी कुणाला घाबरले नव्हते तेवढे.

दुसऱ्या दिवशी दुकानात तोच प्लंबर हजर. तपासनीसांनी डबी काउंटरवर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाना चांगला आहे. मलाच ऐकू येत नाही. तो काट्याचा द्या, डोळ्यांनी बघायचा."

दुकानदार मोठ्याने ओरडून काहीतरी सांगायला लागला.

"ओरडू नका. नुसतं माझ्याकडे तोंड करून बोला."

दुकानदाराने पहिल्यांदाच वर पाहिलं. "काका, मी त्या दिवशी हेच सांगत होतो. सायकलपुरता काट्याचा घ्या, निम्म्यात येईल. तुम्ही मान हलवलीत आणि महागातलाच मागितलात."

संध्याकाळी तपासनीसांनी चष्मा लावला, काटा पाचावर येईपर्यंत एकेक बोल्ट आवळला आणि तिथेच हात थांबवला. मुलीने हँडलला हिसके देऊन पाहिलं. ते जागचं हललं नाही. उद्या ती याच सायकलवरून उतार उतरणार होती, आणि तिने दुकानाचं नाव काढलं नव्हतं. पण तपासनीसांच्या मनातली खुटखुट काही जाईना.

"एक विचारू? तू आणि आई इतके महिने काय कुजबुजत असता?"

मुलगी गोंधळली. "कुजबुजत नाही हो. आम्ही तुम्हालाच विचारायचो. तुम्ही उत्तर द्यायचा नाहीत. वाटायचं, तुम्हाला यात पडायचं नाही. मग आम्हीच आपापसात ठरवून टाकायचो."

तपासनीसांनी फडक्याला हात पुसले. मग त्यांनी स्टूल ओढलं आणि तिच्या तोंडाकडे नीट बघत समोर बसले.

"आईलाही बोलाव," ते म्हणाले. "आणि काय काय विचारलं होतंत, ते सगळं परत विचारा."